नववा हात

बांगडे विळीवर धरून मासेवाली भराभर साफ करत होती. डोक्यावर निळी ताडपत्री, पायाखाली वितळलेल्या बर्फाचं पाणी, आणि आदल्या दिवशीच्या मिरवणुकीतला गुलाल कुठूनतरी वाहत येऊन त्या पाण्यात मिसळलेला. मी पिशवी उघडून उभी. तिने वर न बघताच विचारलं, "गो बाय, तुझ्या मामान किती घेतल्यान?" आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पापलेटचा भाव आपण तिला ज्या सुरात विचारतो, त्याच सुरात तिने मला हे विचारलं. तिचं मत मामालाच गेलं होतं. प्रचारात तिच्या पोराने दिवसभर शिट्टी फुंकून वाडी डोक्यावर घेतली होती, कारण मामाची निशाणी शिट्टी. मी म्हटलं, "काय्येक घेवक नाय गो." तिने समजुतीने मान हलवली आणि दोन बांगडे जास्तीचे टाकले. त्या समजुतीनेच मला जास्त लागलं. मामाने पैसे घेतले असं धरून चालूनही तिचा त्याच्यावरचा लोभ कमी झालेला नव्हता. सगळेच घेतात, ह्यानेही घेतले असतील, निदान आपला माणूस आहे.

मामाने नगरपंचायतीत त्या गटाला पाठिंबा का दिला, हे मात्र तिने विचारलं नाही. बाजारात दुसऱ्या कुणीही विचारलं नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आमचं गाव सिंधुदुर्गातल्या एका खाडीच्या तोंडाशी. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली आणि सतरा प्रभाग पडले. निकाल लागला तेव्हा एका गटाचे आठ, दुसरीकडे सहा आणि दोन मिळून आठ, आणि आमच्या प्रभागातून मामा, अपक्ष. त्या वेळी नगराध्यक्ष सदस्यांनी आपल्यातून निवडायचा होता. बहुमताला नऊ लागतात, हे त्या दिवशी गावातलं शेंबडं पोरही सांगत होतं. मामा होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. दोन्ही गटांच्या ट्रॉलरवाल्यांची इंजिनं त्याच्याच हाताखालून गेलेली, दोघांचीही उधारी त्याच्या वहीत. तो उभा राहिला तो दोन वाड्यांनी देवळात बसून ठरवलं म्हणून. निवडून येईल असं त्यालाही वाटलं नव्हतं. आला, तोही थोडक्या मतांनी.

त्या रात्री आमच्या खळ्यात गाड्या मावेनात. थंडीचे दिवस, आंबा मोहोरलेला, आणि मोहोराच्या त्या गोडसर वासावर डिझेलचा धूर बसलेला. मामी चुलीवर चहाचं मोठं टोप ठेवून बसली होती. कप कमी पडले तेव्हा शेजारून आणले, ते कमी पडले तेव्हा स्टीलचे पेले काढले. एक गट पडवीत बसलेला असताना दुसऱ्या गटाची गाडी फाटकाशी दिवे विझवून थांबायची. पेढ्यांचे बॉक्स दोन्हीकडून आले. देव्हाऱ्यापुढे त्यांची एकावर एक चळत लागली आणि कोणता कुणाचा हेसुद्धा कळेनासं झालं. बोलणं सुरू व्हायचं खुर्चीपासून. उपनगराध्यक्षपद घ्या. मग, पाणीपुरवठ्याचा सभापती व्हा. मग आवाज खाली जायचा, आणि "बाकीचं आपण बघू" एवढंच ऐकू यायचं. मध्यरात्रीनंतर एकाने सुचवलं की चार दिवस सगळे गोव्याला जाऊ, जरा विश्रांती होईल. सदस्यांची सहल काढणं म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ते खंय जावचे नाय." तिथेच सहलीचा विषय संपला. मामा त्या रात्री वर्कशॉपमध्ये जाऊन झोपला. फोन बंद करून तो मामीने तांदळाच्या डब्यात ठेवला होता, हे मला नंतर कळलं.

तो घाबरला होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण अपक्ष म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मिशीला पीळ देऊन भाव वाढवणारा माणूस येतो. सकाळी मी डबा घेऊन गेले तर मामा एका उघड्या इंजिनासमोर स्टुलावर बसलेला, हातात पान्हा, आणि हात जागचा हलत नाही. म्हणाला, "माका मत दिल्यानी ते सगळे एका बाजूचे नाय गो." तीच खरी अडचण होती. पक्षाच्या उमेदवाराला मत देणाऱ्याला साधारण माहीत असतं की हे मत पुढे कुठे जाणार. मामाला काहींनी मत दिलं होतं जुन्या सत्ताधाऱ्यांना पाडायला, काहींनी दुसऱ्यांना येऊ न द्यायला, आणि काहींनी केवळ त्यांचं इंजिन त्याने ऐन हंगामात रात्रभर जागून चालू करून दिलं म्हणून. आता तो कुठेही गेला तरी ह्यातल्या निम्म्या लोकांचं मत उलट्या बाजूला पडणार होतं. घरी बसला तर आठ-आठ मतं होऊन चिठ्ठी निघाली असती, आणि गावाचा कारभार एखाद्या लहान मुलाच्या हाताने डब्यातून बाहेर आला असता. निवडणूक अधिकाऱ्यासमोर चिठ्ठी काढणं कायदेशीर आहे. पण दोन वाड्यांनी त्याला काही चिठ्ठीसाठी निवडून दिलं नव्हतं.

लहानपणी मी हे गणित पहिल्यांदा पाहिलं ते 1995 साली. आजोबा रेडिओला कान लावून कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने बेरजा करत होते. शिवसेना 73, भाजप 65, मिळून 138. पाहिजेत 145. काँग्रेस 80 वर आलेली. आणि अपक्ष तब्बल 45. त्या 45 खाली आजोबांनी दोन रेघा मारल्या होत्या. त्यातले बरेच तिकीट न मिळाल्याने बंड करून निवडून आलेले, म्हणजे अपक्ष असूनही त्यांची मुळं कुठे आहेत हे ज्याच्या त्याच्या तालुक्यात ठाऊक होतं. मार्चमध्ये युतीचं सरकार आलं ते त्यांच्यातल्या पाठिंबा देणाऱ्यांच्या जोरावर. राज्यातला एवढा मोठा बदल ज्यांच्यामुळे झाला, त्यांची नावं आजोबा आठवायला बसले तर चार-पाचांपुढे जाईनात. बाकीच्यांचा नुसता आकडा राहिला. कोणत्या अटीवर गेले, आपल्या मतदारांना काय सांगून गेले, ह्याची नोंद निदान आमच्या घरी येणाऱ्या वर्तमानपत्रात तरी आली नाही. आपल्याकडे अपक्षाच्या निर्णयाची बातमी होते ती दोन प्रकारे: अमुक नेत्याच्या बंगल्यावर दाखल, किंवा अमुक गाडीतून रवाना.

कायद्याला हा माणूस नीट कळलेला आहे, असं मला वाटतं. 1985 सालच्या पक्षांतरबंदीत पक्षाच्या आमदारासाठी व्हीप, म्हणजे मत कसं द्यायचं ह्याचा पक्षाचा आदेश आहे, आणि अपक्षासाठी एक वेगळीच अट आहे: निवडून आल्यावर त्याने कुठल्याही पक्षात प्रवेश केला तर त्याची जागा गेली. स्थानिक संस्थांसाठी राज्याने केलेल्या कायद्यातही हेच आहे. पाठिंबा दे, हात वर कर, पण त्यांचा होऊ नकोस. लोकांनी ज्या अवस्थेत निवडून दिलं त्याच अवस्थेत पाच वर्षं राहा. मामाला हे एका वकिलाने समजावून सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा जरा मोकळा झाला. कुणाच्या तरी घरात जाऊन राहायचं नाही, हे कायद्यानेच ठरवून टाकलं होतं.

मग तो वाडीवाडीत फिरला. मी दोन संध्याकाळी बरोबर होते. खिशात डिझेलच्या पावत्या असायच्या, त्यातल्याच एका लांब पावतीच्या पाठीवर त्याने लिहायला घेतलं. कागदाच्या कडेला ग्रीसचा अंगठा उमटलेला. पहिल्या घरात म्हातारी म्हणाली, "पाणी कोण देता ता बघ, झेंडो बघू नको." दुसऱ्या घरातला तरणा मुलगा, मुंबईहून मतदानापुरता आलेला, म्हणाला की कचऱ्याचा डेपो खाडीच्या काठावरून उठवा, भरतीला प्लास्टिक जाळ्यात येतं. तिसऱ्याने रागाने सांगितलं, "ह्यांका पाडूक म्हणान तुका मत दिलंय. त्यांच्याकडे गेलंस तर माझ्या दारात येव नको." त्याच्याच भावाने, भिंतीपलीकडच्या पडवीतून, बरोबर उलटं सांगितलं. कुणी स्मशानाकडे जाणारा रस्ता मागितला. पावसात तिरडी घेऊन चिखलातून जाताना चार माणसांचे पाय एकदम रुतलेले मी स्वतः पाहिलेत. मासेविक्रीला बसणाऱ्या बायकांना डोक्यावर पक्कं छप्पर आणि धुवायला नळ हवा होता. एका निवृत्त गुरुजींनी सगळ्यात वेगळं मागितलं: दर महिन्याचा जमाखर्च नगरपंचायतीच्या बाहेर फळ्यावर लावा. पावतीवर शेवटी पाच कलमं उरली. पाणी, डेपो, बाजाराचं छप्पर, स्मशानाचा रस्ता आणि फळा.

ह्या सगळ्यात मला राहून राहून कोकण रेल्वेची आठवण येत होती. बॅरिस्टर नाथ पैंच्या राजापूर मतदारसंघातून पुढे प्रा. मधू दंडवते पाच वेळा लोकसभेवर गेले, आणि इतकी वर्षं कोकणाने रेल्वेची फक्त मागणी केली. ती हातात आली ती कुठल्या भक्कम बहुमताच्या सरकारात नव्हे. 1989 चं विश्वनाथ प्रताप सिंगांचं सरकार अल्पमतातलं होतं. जनता दल 143, बाहेरून एका बाजूने भाजपचा टेकू आणि दुसऱ्या बाजूने डाव्यांचा. त्या सरकारात दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. 1990 च्या जुलैत कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं, नोव्हेंबरात सरकार पडलं. वर्षभरही न टिकलेल्या त्या सरकारने लावलेलं काम पुढच्या सरकारांनी चालू ठेवलं, आणि 26 जानेवारी 1998 ला सगळा मार्ग खुला झाला. आज रात्री खाडीपलीकडून गाडीचा आवाज येतो तेव्हा मला वाटतं, टेकूवरचं सरकार म्हणजे नुसता गोंधळ, असं म्हणणाऱ्यांनी एकदा कणकवलीच्या फलाटावर उभं राहून पाहावं. अशा सरकारात काय मागायचं हे ज्याला आधीपासून ठाऊक असतं, त्याचं काम होतं. दंडवत्यांना ते ठाऊक होतं. 1991 ला मात्र ते राजापुरातून हरले. हे मला अजूनही पटत नाही, आणि ते माझ्याच लोकांनी केलं हेही मी विसरत नाही.

मामाच्या त्या दिवसांत मी कुठे कुठे वाचत होते, तेव्हा ऑस्ट्रेलियातली 2010 ची हकीकत हाती लागली. 150 जागांचं सभागृह, 21 ऑगस्टच्या निवडणुकीत दोन मोठ्या बाजूंपैकी कुणालाच 76 चा आकडा गाठता आला नाही. ग्रामीण भागातले तीन अपक्ष, टोनी विंडसर, रॉब ओकशॉट आणि बॉब कॅटर, ह्यांच्यावर सगळं येऊन थांबलं. त्यांनी दोन्ही नेत्यांकडे लेखी मागण्या पाठवल्या. त्यात एक मागणी अशी की दोन्ही पक्षांनी दिलेल्या आश्वासनांना खरोखर किती खर्च येईल हे अर्थखात्याने आम्हाला समजावून सांगावं. 7 सप्टेंबरला विंडसर आणि ओकशॉट कॅमेऱ्यांसमोर बसले आणि आपण कुणाकडे जातो आहोत आणि का, हे देशाला सांगितलं. कॅटर विरोधी बाजूला गेले होते, तेही त्याच दिवशी उघड सांगून. 76 विरुद्ध 74 असं सरकार झालं आणि ते तीन वर्षं चाललं. विंडसर आणि ओकशॉट ज्या मतदारसंघातून आले तिथला कल दुसऱ्या पक्षाकडे होता, त्यामुळे घरच्या लोकांचा रागही त्यांना भरपूर खावा लागला. 2013 ला दोघेही पुन्हा उभे राहिले नाहीत. मी हे मामाला सांगितलं. त्याने बाकी काही विचारलं नाही, एवढंच म्हणाला, "लिवान घेतल्यानी?" हो, लिहून घेतलं होतं.

आपल्याकडे 2014 च्या नोव्हेंबरात मुंबईत काय झालं ते आठवून पाहा. 122 जागा जिंकलेल्या पक्षाचं अल्पमतातलं सरकार, 12 तारखेला विश्वासदर्शक ठराव, आणि तो मंजूर झाला आवाजी मतदानाने. मतमोजणी झालीच नाही. कोण बाजूने होता, कोण विरोधात, कोण नुसता बसून राहिला, हे मतदाराला कधी कळणारच नाही. सरकार कुठल्या पक्षाचं ह्याच्याशी माझं इथे भांडण नाही. पण लोकांना दिसणार नाही अशा रीतीने जेव्हा पाठिंबा दिला जातो, तेव्हा लोक त्या मोकळ्या जागेत स्वतःच काहीतरी भरतात, आणि बहुतेक वेळा रुपयेच भरतात. माझ्या मासेवालीने दुसरं काय केलं? खळ्यात आलेल्या गाड्या तिने पाहिल्या होत्या. गाड्यांच्या काचा काळ्या होत्या.

मामाने दोन्ही गटांना तीच पावती दाखवली आणि सांगितलं की उत्तर देवळाच्या सभामंडपात येऊन द्या, लोकांसमोर. दुसऱ्या गटाचे पुढारी हसले. पाचही कलमं मान्य, म्हणाले, पण तिथे कशाला, आपण घरीच बोलू. पुन्हा विचारल्यावर एकाला पाठवतो म्हणाले, आणि तो आला नाही. जुन्या सत्ताधारी गटाचे दोघे आले. सभामंडपात शहाबादी फरशी गार पडलेली, बायका एका बाजूला, म्हातारे खांबांना टेकून. त्यांनी छप्पर, रस्ता आणि फळा ह्या तिघांना होकार दिला आणि सही केली. पाणी आणि डेपो ह्यांना सगळ्यांसमोर नाही म्हणाले. पाण्याच्या लाईनचा निधी वरून येतो, आमच्या हातात नाही. डेपोला दुसरीकडे जागा कुणी देत नाही. तुमच्यापैकी कोण देतो सांगा. सभामंडप गप्प झाला, कारण खरंच कुणी देत नव्हतं. मी त्या दोघांची चाहती नव्हते आणि नाही. त्यांच्या आधीच्या कारभाराबद्दल मला चीड होती. पण त्या थंड फरशीवर बसून मिळालेला तो नकार मला आवडला. मामाही घरी येताना म्हणाला, "पाचय देतंव म्हणतत ते काय्येक देवचे नाय."

खुर्ची त्याने घेतली नाही. मामीला ते आवडलं नव्हतं. एवढा त्रास काढला तर निदान पाणीपुरवठ्याची समिती तरी घे, काम करता येईल, असं तिचं म्हणणं. तिच्या म्हणण्यातही काही चूक नव्हती. समितीवर बसला असता तर पाण्याचे कागद तरी त्याच्या टेबलावरून गेले असते. तो म्हणाला, "खुर्ची घेतलंय तर माका गप बसूचा लागतला." नगराध्यक्षाच्या निवडीच्या दिवशी सभागृहात आठ हात वर झाले, मग मामाचा. हात वर करताना त्याने बाही कोपरापर्यंत मागे घेतली होती, इंजिनात हात घालताना घेतो तशी, आणि नखांतलं काळं तेल इतक्या लांबून दिसत होतं. बाहेर फटाके वाजले. त्याच्या प्रभागातले निम्मे लोक फटाक्यांना थांबलेच नाहीत.

पुढे काय झालं तेही सांगते. बाजारावर छप्पर झालं, नळही आला, वेळ लागला पण झालं. स्मशानाचा रस्ता झाला. फळ्यावर काही महिने जमाखर्च लिहिला जात होता. मग अक्षर बारीक होत गेलं, आणि पुढे तिथे शुभेच्छांचा बॅनर लागला. मामाने सभेत दोनदा विषय काढला तेव्हा तो उतरला आणि पुन्हा आकडे आले. डेपो वाढवायचा ठराव आला त्या सभेत त्याने ज्यांना निवडून दिलं त्यांच्याच विरोधात हात वर केला आणि ठराव नऊ विरुद्ध आठने पडला. त्या रात्री पुन्हा खळ्यात गाडी आली, ह्या वेळी पेढ्यांशिवाय. मामीने चहा केला. ते बोलले, हा ऐकत राहिला, आणि मग म्हणाला की सही केलेल्या तीन कलमांवर मी तुमच्याबरोबर आहे, ह्या चौथ्यावर तुम्हीच मला नाही म्हणाला होतात. डेपो आहे तिथेच आहे, वाढला नाही इतकंच. पाण्याचा टँकर मे महिन्यात अजूनही येतो.

"माझ्या दारात येव नको" म्हणालेला तो माणूस आजही मामाशी बोलत नाही. एकदाच बोलला, जेटीवर, त्याचं इंजिन दुसऱ्या कुणाकडून दुरुस्त होईना तेव्हा. मामा खाली वाकून काम करत असताना तो वरून म्हणाला, "माझा मत तू त्यांच्या पारड्यात टाकलंस." मामा म्हणाला, "टाकलंय. तुका सांगान टाकलंय." त्यावर तो म्हणाला, "सांगलंस म्हणान माझा मत तुझा झाला काय?" मामाने घरी येऊन हे आम्हाला जसंच्या तसं सांगितलं, आणि त्याचं बरोबर आहे म्हणाला. मजुरीचे पैसे त्या माणसाने तिथल्या तिथे रोख दिले होते. उधारी ठेवली नाही.